निळ्या फौजेचे चेहरे

३ जून

प्रिय सेनापतीस,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील. मी बरी आहे. गुडघा उठताबसता बोलतो, पण माझ्यापेक्षा कमीच बोलतो.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर उत्तर टाइप करायला गेले की माझा अंगठा एका अक्षराऐवजी तीन दाबतो, म्हणून सरळ कागद घेतला. कागदावर मी जरा शहाणीही दिसते. तू लिहिलंयस, 'काकू, महिनाअखेरीस सामानाचा ट्रक नव्या गावी निघतोय. माझी निळी फौज तेवढी त्याआधी कुरियरनं पाठवाल का?'

काकू. बरं. वाईट नाही. वॉचमनही मला काकूच म्हणतो. मी मेसेज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. शब्द तोच होता.

तर फौज. पाठवते की! तुझी वस्तू, न पाठवायला मी कोण? कालच कुरियरच्या ऑफिसात चौकशीला जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, डब्यात काय आहे? म्हटलं, सैनिक. तिनं पेन खाली ठेवलं. मग सगळं सांगावं लागलं. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक असतात, त्यांचे सुटे हातपाय कापून चिकटवायचे, एकेकाला बारीक ब्रशनं रंगवायचं, आणि मग टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडून, टेपनं अंतर मोजत, फासे टाकत लढाई करायची. ती म्हणाली, 'नातवाचे का?' म्हटलं, 'नाही, सुनेचे.' तोंडातून निघून गेलं. ती बिचारी 'अच्छा' म्हणाली आणि 'नाजूक'चं लाल लेबल शोधायला लागली.

पण लगेच पाठवता येईलसं दिसत नाही. एक तर तुझ्या घोडदळातल्या म्होरक्याच्या घोड्याचा मागचा पाय सुटलाय. दुसरं म्हणजे तिरंदाजांचे भाले, छे, भालेकऱ्यांचे भाले... बघ, मलाही आता गोंधळायला होतं. त्यातले दोन वाकलेत. गरम पाण्यात धरून सरळ करावे लागतील. शिवाय खोक्यात घालायला फोम हवा, तोही खाचा पाडलेला, नाहीतर वाटेत सगळे एकमेकांच्या उरावर बसतील. फोमवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात ये.

चिरंजीव ठीक आहेत. ऑफिसला जातात, येतात, जेवतात. तू विचारलं नाहीस, मीही जास्त सांगत नाही.

जपून राहा. सामान हलवताना एकटीनं जड काही उचलू नकोस, तुझी पाठ मला माहीत आहे.

तुझी,
काकू (म्हणे)


१२ जून

प्रिय सेनापतीस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर पोचलं. 'घोड्याचा पाय मी इकडे चिकटवेन, आहे तशी पाठवा.' वा गं वा! माझ्या घरून लंगडा घोडा जायचा आणि तिकडे कोणी विचारलं तर तू काय सांगणार? जन्मभर मी कवळ्या केल्या. माझ्या लॅबमधून एका दाताचीही कड टोचती राहून गेली नाही. घोडा जाईल तो चार पायांवरच जाईल.

पाय बसवलाय. वाळतोय.

फोम मात्र मिळाला. पण निळा रंग कुठे कुठे उडालाय, विशेषतः कोपरांवर. तो निळा तू दोन बाटल्या मिसळून करायचीस आणि प्रमाण मला कधी सांगितलं नाहीस. म्हणायचीस, 'शत्रूला गुपित सांगत नसतात.' आता ते प्रमाण मी रोज दुपारी शोधत बसते. काल झालेला निळा बरोबर वाटला, उन्हात नेला तर अगदी गणवेशाचा निघाला. शाळेच्या गणवेशाचा.

तू या घरात आलीस तो दिवस आठवतो. बाकीचं सामान हमालांनी आणलं, आणि एक खोकं तू स्वतः पोटाशी धरून तीन मजले चढलीस. लिफ्टमध्ये आपटेल म्हणून. मला वाटलं, काचेचा डिनर सेट असणार. मनात म्हटलं, पोरगी संसारी दिसते. उघडून बघते तर करड्या प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यात मुंडक्यांच्या रांगा! मी चिरंजीवांना आत बोलावून विचारलं, 'हे काय रे?' तो म्हणाला, 'आई, मला नको विचारू, मलाही आत्ताच कळतंय.'

आणि मग माझा गुडघा. ऑपरेशननंतर पलंगावर पडून मी घरादाराला नको नको केलं होतं, हे मान्य आहे. तू एक सैनिक, एक ब्रश आणि पाण्याची वाटी माझ्या पुढ्यात ठेवलीस. म्हणालीस, 'आई, आरडाओरडा करण्यापेक्षा याला तोंड रंगवा.' तोंड म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी कपाटातला कवळीच्या हिरड्यांना द्यायचा जुना गुलाबी रंग काढला. झाली पलटण तयार! एकेकाचा चेहरा असा की आत्ताच दात काढून घेतलेत. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. पण पुसू दिलं नाहीस. 'ही हिरड्या पलटण,' म्हणालीस, 'ही तुमची पहिली. ही अशीच राहणार.'

तिथपासून मी लाल आणि तू निळी.

आणि ती आपली चेहऱ्यांची पद्धत. तुलाच सुचली होती ना? लढाईत आपली माणसं आपल्याला पाठमोरीच दिसतात. पुढे बघत उभी असतात ना ती! चेहरे दिसतात ते समोरच्याचे. मग ज्याला बघायचे त्यानंच रंगवावेत, असं तू ठरवलंस. तुझ्या निळ्यांचे कपडे, हत्यारं तू करायचीस, आणि चेहरे करायला माझ्याकडे द्यायचीस. माझ्या लालांचे चेहरे तू. दुसरं कोणी असं करत असेल असं मला वाटत नाही. हे सैनिक विकणाऱ्या दुकानदाराला सांगितलं होतं तेव्हा तो आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला होता.

मी तुझ्या सगळ्यांना रागीट भुवया काढल्या. शत्रू म्हणजे शत्रूसारखा दिसायला नको का?

रविवारी दुपारी जेवणं उरकली की तू टेबलावर हिरवी फळी टाकायचीस, थर्माकोलच्या टेकड्या मांडायचीस, आणि स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायचीस, 'वैरीणबाई, या!' मी भांडी तशीच टाकून यायची. एकदा माझी नणंद आली होती राहायला. तिनं ते ऐकलं. वर 'आई, तुमचा उजवा भाग मेला, उचला आता' हेही ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बातमी, की सून सासूला तोंडावर वैरीण म्हणते आणि मरायचं बोलते! मला सांत्वनाचे फोन आले. मी एकीलाही खरं सांगितलं नाही. म्हटलं, 'काय करणार, सहन करते झालं.' तू शेजारी बसून उशीत तोंड खुपसून हसत होतीस.

किती लांबलं पत्र. मुद्दा होता फौजेचा.

तुमचं कोर्टाचं झालं तेव्हा वाटणी कशी शहाण्यासारखी केलीत दोघांनी. ना आवाज, ना आदळआपट. मिक्सर तुला, फ्रिज इकडे. पुस्तकं तुझी, कपाट इकडे. मला तर वाटतं, तुम्ही एवढं नीट बोलून त्याआधीच्या दोन वर्षांत काही केलंच नव्हतं. वाईट कोणीच नव्हतं गं. मी दोघांनाही रोज जेवताना बघत होते. एकमेकांना मीठ द्यायचात, पाणी द्यायचात, आणि बोलायचं काही उरलंच नव्हतं. त्यात मी कोणाची बाजू घेणार? त्या वाटणीत फौजांचं नाव कोणी काढलं नाही. मीही गप्प बसले. वाटलं, विसरलीत तर बरंच आहे.

तर आता असं ठरवलंय, की पाठवण्याआधी सगळ्यांना वॉर्निशचा एक हात द्यावा. प्रवासात रंग खरवडायला नको. एवढं झालं की पाठवतेच. तुझा ट्रक निघायच्या आत मिळेल.

ऐकलंय की नव्या गावी कोणीतरी चष्मेवाला आहे. माझ्या कानावर आलं, मी उकरून काढलं नाही. दात चांगले आहेत का त्याचे?

तुझी,
कोण ते तूच ठरव


२४ जून

प्रिय सेनापती,

नमस्कार-चमत्कार आज बाजूला ठेवते. वाईट बातमी आहे आणि ती आधीच सांगून टाकते म्हणजे माझा जीव मोकळा होईल. तुझी फौज पांढरी झाली.

तू मला शंभर वेळा बजावलं होतंस, की हवा दमट असली की वॉर्निशचा फवारा मारायचा नाही. मला पाठ होतं. तरी शनिवारी मी बाल्कनीत पुठ्ठ्याचं खोकं आडवं लावलं, तुझे निळे रांगेत उभे केले आणि मारला फवारा. खिडकीच्या काचेवर ओल दिसत होती गं. दिसत होती, आणि तरी मारला. तुझा ट्रक पुढच्या सोमवारी, आणि सबबी संपत आलेल्या. एकदा वाटायचं उशीर व्हावा, एकदा वाटायचं एकदाचं होऊन जाऊ दे. त्या भरात हात चालला.

चहा घेऊन परत आले तर सगळे पांढुरके! दुधाची साय धरावी तसे. भुवया नाहीत, डोळे नाहीत. एकालाही ओळखता येईना. तुझा म्होरक्यासुद्धा गेला.  तिथेच बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. लहान पोरीसारखी, आवाज काढून. खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं, तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर परत रंग उडाला. भांडायला म्हणून तरातरा वर आली, आणि मला पाणी पाजून खाली गेली.

चिरंजीव ऑफिसातून आले. खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'तिचे आहेत ना?' मी मान हलवली. वाटलं, आता म्हणेल, खेळणी आहेत आई, कशाला एवढं?  पण तो बूट न काढता आत गेला आणि टेबल ओढत ओढत उन्हाच्या खिडकीशी नेलं. तुझी ती हिरवी फळी त्यानंच माळ्यावर टाकली होती, ती काढून पुसून त्यावर घातली. मग एकेक निळा उचलून तिच्यावर मांडला. पायाखालच्या चकतीला धरून, रंगाला बोट न लावता. हे त्याला कोणी शिकवलं? आपण खेळायचो तेव्हा तो पेपरात डोकं घालून बसलेला असायचा. बघत होता म्हणायचा.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नका काकू (तोही काकूच म्हणतो), चकचकीत वॉर्निश ब्रशनं लावा, पातळ, एकेकाला. धुकं उतरतं. कधी कधी नाही उतरत. जीव मुठीत धरून पहिला घेतला. म्होरक्याच घेतला, जाईल तर आधी तोच जाऊ दे म्हटलं. गालावरून ब्रश फिरवला आणि पांढरं हळूहळू विरलं. आधी एक भुवई दिसली. रागीट. मग दुसरी. मी त्याला म्हटलं, 'आलास का मेल्या!'

तेव्हापासून रोज सकाळी उजेड आला की बसते, उजेड गेला की उठते. एकेकाला समोर धरून त्याचा चेहरा परत आणते. सगळे आले. एकही गेला नाही. थोडे जास्त चमकतात, घामाघूम झाल्यासारखे. कोरडी हवा मिळाली की तू वरून साधं वॉर्निश मार, चमक जाईल. तू मारशील तेव्हा हवा बघशीलच.

आता ते दुसरं सांगते. कागदावरच सांगता येईल मला.

घोड्याच्या पायाला वाळायला एक दुपार पुरली होती. भाले गरम पाण्यात लगेच सरळ झाले. तुझा निळाही जमला होता गं, गणवेशाच्या दुसऱ्याच दिवशी. मी तुला काही कळवलं नाही. मला फौज पाठवायचीच नव्हती.

रोज दुपारी मी लाल आणि निळे समोरासमोर मांडायची. खेळायची नाही, एकटीला काय खेळता येतं? नुसती चहा घेऊन बसायची. समोर तुझे सगळे. मी काढलेल्या भुवया ताणून माझ्याकडे बघतायत. वाटायचं, तू आत्ताच फासे घ्यायला आत गेलीयस. हे सगळे गेले की टेबलावर माझे लाल उरणार, आणि ते मला पाठ करून रिकाम्या भिंतीकडे बघत उभे राहणार. एवढंच होतं. दुसरं काही कपट नव्हतं.

हेही लिहिते, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको. तुला परत या घरात, त्या लग्नात आणायचा माझा डाव नाही. तुम्हा दोघांचं संपलं, ते मला कळतं आणि पटतंही. चष्मेवाला चांगला असेल तर मला आनंद आहे, खराखुरा. पण तुमचं लग्न मोडलं तेव्हा माझंही काहीतरी मोडलं, आणि त्याला नाव नसल्यामुळे मला कोणी विचारायला आलं नाही. चिरंजीवांना मित्रांनी बाहेर नेलं. तुला तुझ्या बहिणीनं नेलं. मला नणंदेचा फोन आला, 'सुटलीस बाई एकदाची!'

सासू नव्हे, आई नव्हे. काकू म्हणालीस ते बरोबरच असेल, पण मला लागलं. लागलं हे सांगते, बस. माझी आठवण येते का, असं विचारणार नाही. मला तुझी येते. फार येते.

काल सगळे निळे फोममध्ये भरले. खाचेत एकेक बसवला, वर दुसरा फोम. टेबल एकदम मोठं दिसायला लागलं. मग काय वाटलं कोण जाणे, मी माझे लाल उचलून उलटे वळवले. सगळी फौज, माझ्याकडे तोंड करून.

अगं, सगळे हसतायत!

हिरड्या पलटण सोडून बाकी सगळ्यांना तू हसरे चेहरे काढलेस ते मला ठाऊक होतं, रंगवून द्यायचीस तेव्हा एकेक बघतही होते. पण असे सगळे एकदम माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते. वर्षानुवर्षं ते तुझ्याकडे बघून हसत होते, आणि माझ्याकडे त्यांची पाठ. मी तुझ्या माणसांना रागीट केलं, आणि तू माझ्या माणसांना हसतं केलंस. मी एकदा विचारलं होतं, असे कसे गं शत्रू? तू म्हणालीस, 'मला रविवारी दुपारी दुसरं कोणी हसणारं बघायला मिळत नाही.' मी तेव्हा ते थट्टेवारी नेलं होतं.

उद्या सकाळी कुरियरवाला येतो. खोक्यावर तीन बाजूंनी 'नाजूक'ची लेबलं लावलीत. फौज पूर्ण आहे, एकही मागे ठेवला नाही. एकदा हात शिवशिवला होता, तो तुझा नगारेवाला ठेवून घ्यावा म्हणून. ठेवला नाही. त्यालाही रागीट भुवया आहेत, तू बघितल्या होत्यास का?

सुखाने राहा. खूप सुखाने राहा.

तुझी,
टेबलाच्या या बाजूची


९ ऑगस्ट

प्रिय सेनापती,

अनेक, अनेक आशीर्वाद. खोकं काल दुपारी पोचलं.

आधी मला धस्सच झालं. माझंच खोकं, माझीच लेबलं, वर तुझं अक्षर. वाटलं, मीच पत्ता चुकीचा घातला आणि फौज फिरून परत आली. म्हातारीनं परत घोळ घातला! चिरंजीव म्हणाले, 'आई, आधी उघड तरी.' कात्री सापडेना, तर त्यांनी किल्लीनं फाडलं.

आत निम्मे निळे. आणि तुझी चिठ्ठी.

चिठ्ठीचा मायना मी आधी वाचला नाही. भीती वाटली. खालून वर वाचत गेले. खाली लिहिलंयस, 'मला वाटलं, तुम्हाला घरात त्यांची अडचण होत असेल. नजरेसमोर नको वाटत असतील. म्हणून मागवले. काकू लिहिताना माझाही हात तीनदा थांबला होता, पण आई लिहायचा हक्क राहिला की नाही ते कळेना.'

वेडे! अगं, विचारायचंस तरी! आपण दोघीही किती शहाण्या! तुझ्या घरात तू, माझ्या घरात मी, आणि मधे फोम.

त्याच्या वर लिहिलंयस, 'वाटणी राहिली होती ती मी केली. निम्मे निळे तुमच्याकडे, निम्मे माझ्याकडे. तुमचे निम्मे लाल मला पाठवा. मग दोघींच्याही टेबलावर दोन्ही फौजा उभ्या राहतील. तुम्ही चाल पत्रात लिहायची, मी इथे तशी हलवेन. मी लिहीन ती तुम्ही हलवा. फासे ज्याचे त्यानं टाकायचे आणि खरं सांगायचं.'

आणि मग सगळ्यात वर, पहिल्या ओळीत पोचले. तिथे 'काकू' नव्हतं. 'आई'ही नव्हतं. तू लिहिलं होतंस, 'वैरीणबाई, या!'

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. आणि मग भांडी तशीच टाकली.

चिरंजीवांनी फळी काढून दिली, टेकड्या काढून दिल्या. आता ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवतात, कारण टेबलावर युद्ध आहे. मी म्हटलं, 'तुला चालेल ना रे? त्रास होईल तर सांग.' त्यानं ताट धुवायला टाकलं. मग म्हणाला, 'तुमचं तुमचं आहे, आई. ते माझ्यामुळे सुरू झालं नव्हतं.' बरोबर आहे. गुडघ्यामुळे सुरू झालं होतं.

सोबत निम्मे लाल पाठवतेय. हिरड्या पलटण पूर्ण तुझ्याकडे येतेय, तिची वाटणी करवेना. तिच्या चेहऱ्यांचं काम माझं, म्हणजे आपल्या नियमाबाहेरचं, पण चष्मेवाल्याला दाखव आणि तो काय म्हणतो ते कळव. हसला तर माणूस चांगला. त्याला खेळ शिकव. पहिली लढाई हरू दे, दुसरीही हरू दे.

निळ्यांच्या चेहऱ्यावरची चमक गेली होती. म्हणजे तू वॉर्निश मारलंस, आणि हवा बघून मारलंस. नगारेवाला माझ्याकडे पाठवलास, तेही कळलं. त्याला मी मधोमध उभा केलाय. भयंकर रागावून बघतोय माझ्याकडे.

तर पहिली चाल. मोठी मीच, त्यामुळे पहिली मीच, हा नियम तू कधी मानला नाहीस, पण आता तू तिकडे आहेस, काय करणार? माझं घोडदळ डाव्या टेकडीला वळसा घालून पुढे. फळीच्या कडेकडेनं नेते आहे, टेप लावून, एक रेघही जास्त नाही. मग तुझ्या भालेकऱ्यांवर हल्ला. फासे टाकले.

एक पडला. दोन्हीवर एकेक. हल्ला फसला, घोडदळ सगळं उघड्यावर, तुझ्या तोंडासमोर. आता तू मला कापून काढणार. सहा पडले म्हणून लिहिलं असतं तर तुला काय कळणार होतं? पण खरं लिहिलंय. तुझ्याशी खोटं बोलून झालंय माझं, घोड्याच्या पायाचं. पुरे.

फासे तसेच ठेवलेत टेबलावर, पडले तिथे. चिरंजीवांना सांगितलंय, हात लावायचा नाही. तुझी चाल येईपर्यंत तसेच राहतील. घाई करू नकोस. नवं घर आहे, नवी नोकरी आहे, पडदेसुद्धा लागले नसतील अजून. सवडीनं टेबलाशी बस, विचार कर, आणि मग मला चांगली झोडप.

मी इथेच आहे, समोर.

तुझी जन्माची
वैरीण